विधि आणि वृत्ति : नागपुरांतील कॅथॉलिक उपासना

नागपूर शहराच्या पश्चिमेस जी टेंकडी आहे तिला लहानथोर सगळे सेमिनरी हिल्स म्हणतात. सकाळीं फिरावयास जाणारे, झाडांखालीं विसावणारे, मुलांना घेऊन येणारे अशा सर्वांच्या तोंडीं हें नांव असतें. परंतु सेमिनरी म्हणजे काय, आणि ती या टेंकडीवर कशासाठीं आली, याची विचारपूस क्वचितच होते. कॅथॉलिक पंथाच्या धर्मगुरूंना शिक्षण देणारी सेंट चार्ल्स सेमिनरी येथें आहे, व तिच्यावरूनच टेंकडीला हें नांव पडलें आहे. याच पंथाचें शहरांतील मुख्य ख्रिस्तमंदिर, म्हणजे कॅथीड्रल, सेंट फ्रान्सिस द सेल्स या संताच्या नांवानें ओळखलें जातें. एकाच नगरांत नांदणारीं हीं दोन नांवें सोळाव्या-सतराव्या शतकांतील दोन युरोपीय बिशपांचीं आहेत, आणि कॅथॉलिक उपासनेचीं दोन अंगें त्यांत जणूं वांटून आलीं आहेत.

सेंट चार्ल्स म्हणजे मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ (१५३८–१५८४). प्रॉटेस्टंट चळवळीनें हादरलेल्या कॅथॉलिक पंथानें आपलें घर सावरण्यासाठीं ट्रेंट येथें जी धर्मपरिषद भरविली, ती मधून मधून खंड पडत १५४५ पासून १५६३ पर्यंत चालली. तिचे निर्णय कागदावर न राहतां आचरणांत यावेत म्हणून बोरोमिओ यांनीं आयुष्य वेंचलें. धर्मगुरूंसाठीं विद्यालयें काढलीं आणि ख्रिस्तमंदिरांतील उपासनेला शिस्त लावली. फ्रान्सिस द सेल्स (१५६७–१६२२) हे जिनीव्हाचे बिशप. परंतु जिनीव्हा कॅल्व्हिनच्या अनुयायांकडे गेलेलें असल्यामुळें त्यांचें वास्तव्य सव्हॉय प्रांतांतील ॲनेसी येथें होतें. त्यांनीं १६०९ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. भक्ति ही मठांत राहणाऱ्यांचीच मिरास नाहीं. शिपाई, कारागीर, दरबारी आणि संसारी स्त्रीपुरुष यांना आपापल्या धंद्यांत राहून ती साधतां येते, असें त्याचें प्रतिपादन होतें. एकानें विधीची राखण केली, दुसऱ्यानें विधीमागील वृत्ति शिकविली. उपासना आदरयुक्त असावी आणि एकनिष्ठ असावी, असें कॅथॉलिक पंथ पहिल्यापासून सांगत आला आहे. या दोन शब्दांचा अर्थ काय, आणि ते एकमेकांशीं कसे जुळतात, हें पाहण्यास नागपूरच्या या समाजाचा इतिहास चांगला उपयोगीं पडतो.

ज्या ग्रीक शब्दावरून ‘लिटर्जी’ हा शब्द आला, त्याचा मूळ अर्थ लोकांसाठीं केलेलें सार्वजनिक कार्य असा आहे. अथेन्समधील एखाद्या धनिकानें स्वखर्चानें युद्धाचें गलबत सज्ज केलें, किंवा उत्सवांतील गायकवृंदाचा भार उचलला, तर त्यालाही हाच शब्द लावीत. ख्रिस्ती लोकांनीं तो उचलला आणि आपल्या सामुदायिक उपासनेला दिला. कॅथॉलिक उपासनेचा मध्यबिंदु म्हणजे मिस्सा. तिचे दोन भाग पडतात. पहिल्या भागांत बायबलांतील उतारे वाचले जातात व त्यांवर प्रवचन होतें. दुसऱ्या भागांत भाकर व द्राक्षारस वेदीवर ठेवून, मरणाच्या आदल्या रात्रीं येशूनें शिष्यांबरोबर जें भोजन केलें त्याचें स्मरण केलें जातें. कॅथॉलिक श्रद्धेप्रमाणें हें स्मरण म्हणजे नुसती आठवण नसते. त्या वेळीं ती भाकर व तो द्राक्षारस हीं ख्रिस्ताचें शरीर व रक्त होतात, आणि क्रुसावरील त्याचें बलिदान वेदीवर उपस्थित होतें, असें ती श्रद्धा मानते.

आदराच्या साऱ्या खुणा या एका विश्वासांतून निघाल्या आहेत. प्रभुभोजनाची भाकर ज्या पेटींत राखून ठेवतात तिच्यापाशीं अखंड दिवा तेवत असतो. तिच्यासमोरून जातांना गुडघा टेंकतात. वेदीवर स्वच्छ तागाचें वस्त्र अंथरतात. भाकरीचा कण खालीं पडला तर तो काळजीपूर्वक उचलून घेतात. त्रयस्थाला हा निव्वळ काटेकोरपणा वाटेल. परंतु घरांत देव्हारा असलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाहीं. समोर कोणी आहे ही जाणीव असली म्हणजे हात आपोआप जपून वागूं लागतात. ती जाणीव गेली म्हणजे तेच हात वस्तू हाताळूं लागतात. आदर हा प्रथम मनाचा आणि मग हातापायांचा विषय आहे. पण हातापायांना वळण नसेल तर मनालाही तो फार दिवस टिकवितां येत नाहीं.

निष्ठेचा अर्थ याहून निराळा आहे. पांचव्या शतकांत ॲक्विटेनचा प्रॉस्पर नांवाचा एक लेखक होऊन गेला. प्रार्थनेची रीत हीच श्रद्धेची रीत ठरविते, अशा आशयाचें त्याचें एक वचन कॅथॉलिक परंपरेंत आजवर प्रमाण मानलें जातें. लोक काय मानतात हें त्यांच्या ग्रंथांवरून जितकें कळतें, त्याहून अधिक ते रोज काय म्हणतात व करतात यावरून कळतें. म्हणून विधि बदलला तर श्रद्धाही नकळत बदलते. विधि हा धर्मगुरूच्या मालकीचा नाहीं, त्याच्याकडे आलेली ती ठेव आहे. जशी घेतली तशी पुढें द्यावयाची. ट्रेंटच्या परिषदेनंतर पोप पायस पांचवे यांनीं १५७० सालीं मिस्सेचा अधिकृत ग्रंथ काढून सर्वत्र एक पाठ केला तो याच भावनेनें. मात्र २०० वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या स्थानिक पद्धतींना त्यांनीं मोकळीक ठेवली. मिलानमध्यें चौथ्या शतकांतील संत ॲम्ब्रोझ यांच्या नांवानें चालणारी स्वतंत्र उपासनापद्धति होती. शिस्तीचे कट्टर पुरस्कर्ते असलेल्या बोरोमिओ यांनीं ती मोडूं दिली नाहीं. निष्ठा म्हणजे सर्वांनीं एका सांच्यांतून निघणें, हा अर्थ त्या काळींही केला गेला नव्हता, हें येथें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

ही उपासना नागपूर प्रांतीं आली ती फौजेच्या मागोमाग. कामठीची छावणी १८२१ मध्यें वसली. तेथें येणाऱ्या गोऱ्या पलटणींत आयरिश कॅथॉलिक असत, आणि मद्रास सैन्याबरोबर तमिळ कॅथॉलिक कुटुंबेंही येत. फ्रान्सिस द सेल्स यांच्या नांवानें फादर मर्मिए यांनीं ॲनेसी येथें १८३८ सालीं एक मिशनरी संघ स्थापन केला होता. त्या संघाचे पहिले धर्मगुरु १८४६ मध्यें विशाखापट्टणास उतरले, आणि तेथून त्यांचें कार्य मध्य हिंदुस्थानांत पसरलें. भोसल्यांचें राज्य १८५४ मध्यें खालसा झालें. त्यानंतर नागपूर हें इंग्रजी कारभाराचें ठाणें झालें व कॅथॉलिक वस्तीही वाढली. सेंट फ्रान्सिस द सेल्स शाळा १८७० मध्यें निघाली. १८८७ मध्यें विशाखापट्टणापासून अलग असा नागपूरचा धर्मप्रांत झाला. आणि १९५३ मध्यें त्याला आर्चबिशपच्या पीठाचा दर्जा मिळाला.

या काळांत मिस्सा चाले ती लॅटिन भाषेंत. धर्मगुरु वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून उभा असे. मधल्या प्रार्थना तो इतक्या हलक्या आवाजांत म्हणे कीं त्या पहिल्या रांगेलाही ऐकूं येत नसत. भाकर उंच धरण्याच्या क्षणीं घंटा वाजे, आणि माळ जपत बसलेलीं माणसें गुडघ्यांवर येऊन मान लववीत. प्रवचन तेवढें लोकांच्या बोलींत होई. आयरिश शिपाई, तमिळ हवालदार, गोव्याकडचा कारकून आणि मराठी वा हिंदी बोलणारा नवा ख्रिस्ती, हे सारे एका न समजणाऱ्या भाषेपुढें सारखेच अडाणी आणि सारखेच नम्र होते. ज्यांच्या घरांत संध्येचे मंत्र अर्थ न कळतांही शुद्ध स्वरांत म्हटले जात, त्यांना यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. जी भाषा बाजारांत वापरून गुळगुळीत झालेली नाहीं, तिच्यांत एक प्रकारचें पावित्र्य राहतें. त्याबरोबर तिच्यांत एक धोकाही राहतो. विधि शुद्ध झाला, म्हणून उपासना झाली, अशी समजूत होऊन बसते. आणि लोक उपासनेचे भागीदार न राहतां तिचे प्रेक्षक होतात.

या अडचणीवर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर फार पूर्वीं एक उपाय निघाला होता. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्यें गोव्यास आला. एकनाथांच्या हयातींतच तो मराठी शिकला, आणि नव्या ख्रिस्ती लोकांना आपल्या जुन्या पुराणांच्या जागीं कांहीं तरी हवें आहे हें ओळखून त्यानें ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचलें. अकरा हजारांच्या आसपास ओंव्या असलेला हा ग्रंथ १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापला गेला, आणि ख्रिस्तमंदिरांतून तो गाइला जाऊं लागला. तरीही वेदीवरची मिस्सा लॅटिनच राहिली. लोकांचें हृदय मराठींत गात होतें आणि त्यांचा मुख्य विधि परभाषेंत होत होता. भक्ति एका दारानें आंत येत होती व शास्त्र दुसऱ्या दारानें. पुढें प्रॉटेस्टंट मंडळींनीं हें अंतर आपल्यापुरतें काढून टाकलें. कांहीं काळ नागपुरांत अप्पासाहेब बुटी यांच्याकडे संस्कृत ग्रंथांचें काम केलेले नारायण वामन टिळक १८९५ मध्यें ख्रिस्ती झाले, आणि त्यांच्या पदांनीं प्रॉटेस्टंट उपासनेला अस्सल मराठी सूर दिला. कॅथॉलिक वेदीपर्यंत मराठी पोंचण्यास मात्र आणखी सुमारें सत्तर वर्षें जावयाचीं होतीं.

बदलाचें वारें युरोपांत आधींच वाहूं लागलें होतें. पोप पायस दहावे यांनीं १९०३ मध्यें धर्मसंगीताविषयीं आदेश काढतांना, लोकांनीं उपासनेंत प्रत्यक्ष भाग घ्यावा असें म्हटलें. पोप पायस बारावे यांनीं १९४७ मध्यें उपासनेवर एक विस्तृत पत्र लिहिलें. बाह्य विधि आणि अंतःकरणाची भक्ति यांची फारकत होऊं नये, हा त्यांतला एक मुख्य मुद्दा होता. शेवटीं १९६२ ते १९६५ या काळांत दुसरी व्हॅटिकन धर्मपरिषद भरली. नागपूरचे पहिले आर्चबिशप युजीन डिसोझा, जे १९६३ मध्यें भोपाळच्या पीठावर गेले, तेही परिषदेच्या सभासदांत होते. उपासनेविषयींचा ठराव ४ डिसेंबर १९६३ रोजीं २,१४७ विरुद्ध ४ मतांनीं मान्य झाला. लोकभाषांना वाव मिळाला. लोकांचा सहभाग पूर्ण, जाणता व सक्रिय असावा असें तत्त्व ठरलें. निरनिराळ्या समाजांच्या रीतींतील जें ग्राह्य असेल तें उपासनेंत घेण्याची वाट मोकळी झाली. त्याच ठरावांत असेंही बजाविलें होतें कीं कोणीही, मग तो धर्मगुरु कां असेना, आपल्या अखत्यारींत विधींत भर घालूं नये, कांहीं गाळूं नये, कांहीं बदलूं नये. बदलाची मोकळीक आणि निष्ठेचा बांध हीं दोन्ही एकाच लेखणीनें लिहिलीं गेलीं.

दुसऱ्याच वर्षीं मुंबईस आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली. तिच्यासाठीं डिसेंबर १९६४ मध्यें पोप पॉल सहावे आले. हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप होत. आपल्या भाषणांत त्यांनीं बृहदारण्यक उपनिषदांतील प्रार्थनेचा आदरानें उल्लेख केला. नवा मिस्साग्रंथ १९६९ मध्यें आला, आणि त्याच सालच्या एप्रिल महिन्यांत भारतीय बिशपांनीं मागितलेल्या १२ गोष्टींना रोमची संमति मिळाली. पादत्राणें बाहेर ठेवून जमिनीवर मांडी घालून बसावें. गुडघा टेंकण्याऐवजीं हात जोडून खोल वांकावें. योग्य प्रसंगीं पंचांग प्रणाम करावा. वस्तूचें चुंबन घेण्याऐवजीं तिला स्पर्श करून हात डोळ्यांस किंवा कपाळास लावावा. मेणबत्तीच्या जागीं तेलाचा दिवा व वेदीवरील वस्त्राच्या जागीं थाळी चालावी. धर्मगुरूनें साधा झगा व अंगवस्त्र घ्यावें. फुलें, धूप व दीप यांनीं आरती करावी. असें त्या गोष्टींचें स्वरूप होतें. त्या सक्तीच्या नव्हत्या. आपल्या प्रांतांत काय स्वीकारावें हें प्रत्येक बिशपावर सोपविलें होतें, आणि म्हणून त्यांचा अंमलही सर्वत्र सारखा झाला नाहीं.

यावरून जो वाद उठला त्यांत कोणताही पक्ष पोरकट नव्हता. विरोध करणाऱ्यांच्या घरांत पिढ्यान् पिढ्या गुडघा टेंकला गेला होता; तोच त्यांच्या शरीराला ठाऊक असलेला आदर होता. आरती ही त्यांच्या दृष्टीनें दुसऱ्या धर्माची खूण होती, आणि ती उचलली तर आपली श्रद्धाही सरमिसळ होईल हें त्यांचें भय प्रॉस्परच्या वचनाला धरूनच होतें. समर्थकांचें म्हणणें असें कीं या देशांत पायांत जोडे घालून कोणी देवापुढें जात नाहीं. येथला माणूस हजारों वर्षें ज्या खुणांनीं आदर दाखवीत आला, त्या वेदीपाशीं परक्या ठरल्या, तर त्याचा देह उपासनेंत पाहुण्यासारखा अवघडून राहील. रोमनें दोन्हींकडे पाहिलें. हावभाव व उपकरणें यांना १९६९ मध्यें मुभा दिली. पण १९७५ मध्यें मिस्सेंत बायबलखेरीज अन्य धर्मग्रंथांचें वाचन व खास रचलेली भारतीय महाप्रार्थना यांना मनाई केली. शरीराची भाषा बदलूं शकते, वेदीवर काय घडतें याविषयींचें कथन बदलूं शकत नाहीं, अशी ती सीमारेषा होती.

लोकभाषेनें अर्थ आणला, पण आदर आपोआप आणला नाहीं. धर्मगुरु लोकांकडे तोंड करून उभा राहूं लागला, तेव्हां त्याच्यांतील वक्त्याला व नटाला मोह पडण्याची सोय झाली. विधि आपल्या आवडीप्रमाणें सजविण्याचे प्रकार घडूं लागले, आणि २००४ मध्यें रोमला अशा गैरप्रकारांविरुद्ध सविस्तर सूचनापत्र काढावें लागलें. जुन्या लॅटिन मिस्सेची ओढही गेली नाहीं. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीं २००७ मध्यें तिला अधिक मोकळीक दिली. पोप फ्रान्सिस यांनीं २०२१ मध्यें ती पुन्हां आवळली. विधीला खेळण्यासारखें वागविणें हा जसा निष्ठेचा भंग, तसाच विधीचा एक काळचा वेश म्हणजेच विधि असें मानून बाकीच्यांना हीन लेखणें हाही एक भंगच होय.

परंतु निष्ठेची सर्वांत कठीण कसोटी भाषेची वा हावभावांची नाहीं. ती सर्वांत जुन्या दस्तऐवजांत लिहून ठेवलेली आहे. इ. स. ५५ च्या सुमारास पौलानें करिंथ येथील मंडळीला पत्र लिहिलें. तेथें प्रभुभोजनाला जमल्यावर सुखवस्तु लोक आधींच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. अशा जमण्याला प्रभुभोजन म्हणतांच येत नाहीं, असा पौलाचा अभिप्राय आहे. पुढें सुमारें १५५ सालीं जस्टिन या ख्रिस्ती तत्त्ववेत्त्यानें रोममध्यें रविवारच्या उपासनेचें जें वर्णन केलें, त्यांत वाचन, प्रार्थना, भाकर व द्राक्षारस यांच्याबरोबर दोन गोष्टी आवर्जून येतात: जे येऊं शकले नाहींत त्यांच्या घरीं वांटा पोंचविणें, आणि अनाथ, विधवा, रोगी व बंदिवान यांच्यासाठीं वर्गणी गोळा करणें. म्हणजे वेदीवरच्या भाकरीचा आदर आणि शेजाऱ्याच्या भुकेचा आदर हे आरंभीं दोन विषय नव्हते.

हिंदुस्थानांत या कसोटीला जातीनें गांठलें. तमिळ मुलुखांतील वडक्कनकुळम् येथें १८७२ मध्यें बांधलेल्या कॅथॉलिक मंदिरांत उच्च व नीच मानलेल्या जातींसाठीं निरनिराळे भाग करून मध्यें भिंत घातली होती. त्या मंदिरांत लॅटिन शुद्ध होतें, घंटा वेळेवर वाजत होती, गुडघे टेंकले जात होते. तरी तेथील भिंत साऱ्या विधीला रोज खोटें पाडीत होती. ती १९१० मध्यें पाडण्यांत आली. भिंत पाडणें हा बदल होता. पण मूळ भोजनाशीं असलेली निष्ठा त्या बदलानेंच पुन्हां प्रस्थापित झाली.

नागपुरांत आज इंग्रजी, हिंदी व मराठी अशा भाषांतून मिस्सा होतात. जमणाऱ्यांत कांहींच्या खापरपणज्यांनीं कामठीच्या छावणींत लॅटिन ऐकलेलें असेल, तर कांहींच्या घरीं ही श्रद्धा एका पिढीची असेल. गुडघा टेंकावा कीं हात जोडावेत, या प्रश्नांत त्यांचें एकमत असेलच असें नाहीं, आणि असण्याची गरजही नाहीं. बोरोमिओ यांना शिस्त प्रिय होती, पण आपल्या मिलानची वेगळी रीत त्यांनीं जपली. फ्रान्सिस द सेल्स यांना अंतरंगाची भक्ति प्रिय होती, पण विधि टाकून द्या असें त्यांनीं कोणाला सांगितलें नाहीं. मिळालेलें जपून पुढें द्यावें ही निष्ठा, आणि देतांना आपलें मन व देह दोन्ही त्यांत असावेत हा आदर.

सेमिनरीचे विद्यार्थी अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर दीक्षेला बसतात. त्या विधींत बिशप नव्या धर्मगुरूच्या हातीं भाकरीची थाळी व द्राक्षारसाचा पेला देतात, आणि जें हाताळणार आहेस त्यासारखेंच आपलें आचरण ठेव, अशा आशयाचा उपदेश करतात. पेला व थाळी रोज निष्कलंक घासून ठेवणें सोपें आहे. मोडून वांटल्या जाणाऱ्या भाकरीसारखें वागणें कठीण. आणि त्या तरुणानें टेंकडीवरच्या त्या वर्षांत जें जें शिकलें, तें सारें या एका कठीण गोष्टीसाठीं होतें.